रोज मूठभर

फुलांच्या मळ्याला लागून पत्र्याची एक खोली होती. तिचं दार दिवसभर बंद असायचं. खिडकीला गोणपाट ठोकलेलं, दाराच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. बाहेर शेवंती नुसती फुलून आलेली, पिवळीधम्मक, पांढरीशुभ्र, जांभळी, लालचुटूक! आणि आत अंधारात आठ वर्षांची मंजी बसलेली असायची, सहा महिन्यांच्या खंडूला मांडीवर घेऊन.

त्यांची आई सगुणा मळ्यात फुलं तोडायच्या कामाला जायची. जाताना रोज बजावायची, "मंजे, दार उघडू नगंस हां. बाळाला वारं लागंल."

त्याला तसंच कारण होतं. खंडूच्या आधी मंजीला एक बहीण झाली होती, गोबऱ्या गालांची, इवलीशी. एका थंडीत ती आजारी पडली आणि देवाघरी गेली. वाऱ्यानंच तिला नेलं, असं आईच्या मनानं घेतलं. तेव्हापासून साधी झुळूक आली तरी आई दार लावून घ्यायची. खंडूला दोन झबली, वर कुंची, कुंचीवर दुपटं. एवढ्या कपड्यांत बाळ शोधावं लागायचं! पण ते बिचारं दिवसेंदिवस कोमेजत चाललं होतं. हसेना, कुशीवर वळेना, नुसतं पत्र्याकडे टक लावून पडून राही. मंजीला ते बघवत नसे.

दुपारी आई खंडूला पाजायला घरी येई. तेवढाच वेळ मंजी मोकळी. मग ती वारा प्यायल्यासारखी मळ्यात धावायची, उंडारायची, आणि जाता जाता फुलांच्या करंड्यांवरची ओली फडकी नीट करायची. आईचं तेवढंच काम हलकं.

एके दिवशी एका करंडीतून आवाज आला, "आक्-छी!"

मंजीनं फडकं उचललं. फुलांच्या ढिगात बोटभर उंचीची परी कुडकुडत बसली होती. अंगात पाकळ्यांचा पिवळा झगा, कानांत दवाचे चिमुकले थेंब, पाठीवर झिरमिरीत पंख. पण ते पंख चिंब भिजून पाठीला चिकटले होते.

"शेवंतीत जरा डोळा लागला माझा," परी नाक पुसत म्हणाली, "आणि तुझ्या आईनं मला खुडलंच की गं!"

मंजीला हसू आवरेना. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. तिनं परीला अलगद ओंजळीत घेतलं आणि उन्हात जाऊन उभी राहिली. हात अवघडले, खेळायची वेळ सरत आली, तरी ती जागची हलली नाही. हळूहळू पंख सुकले आणि त्यांवर निळे, हिरवे, सोनेरी रंग लकलकू लागले.

"किती गं गुणाची तू!" परी म्हणाली. "माग, एक इच्छा माग. पण माझे दोन नियम आहेत. इच्छा तुझ्या भावाच्या मुठीत मावेल एवढीच हवी. आणि ती आईपासून लपवायची नाही."

मंजीच्या डोळ्यांपुढे जत्रेतली लाल रिबीन आली. ती मुठीत सहज मावली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तेवढ्यात तिला घराचं बंद दार दिसलं.

"माझ्या आईची भीती घिऊन जाशील?" तिनं विचारलं.

परीनं मान हलवली. "ती फार मोठी आहे गं, राणी. एवढ्याशा मुठीत कशी मावायची?"

मंजीचा चेहरा पडला. तिनं पुष्कळ विचार केला. मग एकदम म्हणाली, "मग रोज मूठभर घे की!"

परी खुदकन हसली आणि तिनं हवेत गिरकी घेतली. "अगं, हे मला कसं सुचलं नाही! बरं, रोज मूठभर. पण आता तिसरा नियम ऐक. बाळानं मूठ उघडायची ती आईच्या कडेवर आणि आभाळाखाली. एक दिवसही खाडा नाही. खाडा झाला की भीती पुन्हा वाढते."

संध्याकाळी मंजीनं आईला सगळं सांगितलं.

"परी?" आई हसली. "येडी का काय तू!" आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "मंजे, माझी भीती दिसती व्हय गं तुला?"

"व्हय," मंजी म्हणाली. "रोज दिसती."

आईनं तिला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं खंडूला कडेवर घेतलं. उंबऱ्याबाहेर टाकलं एक पाऊल, मोजून एक! खंडूनं आईच्या गळ्याशी मूठ गच्च आवळली होती. कोवळं ऊन गालावर पडलं तसे त्यानं डोळे किलकिले केले आणि मूठ उघडली. आतून राखाडी कापसाचा एवढासा पुंजका उडाला. उन्हात जाताच त्याचं झालं पिवळं फुलपाखरू! खंडू त्याच्याकडे बघून हसला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला, म्हणून आईला रडू आलं.

मग रोज एक फुलपाखरू उडू लागलं. एका पावलाची दहा पावलं झाली. उन्हाळा आला तेव्हा सकाळी लवकर तिघं करंजाच्या झाडाखाली जात. आईनं फांदीला लुगड्याची झोळी बांधली. खंडू तीत पडून पानांची कोवळी सळसळ ऐके आणि पाय झाडी. एक झबलं कमी झालं, मग कुंचीही. रांगायला लागल्यावर त्यानं माती खाल्ली, आईनं तोंडातून काढली आणि पुन्हा रांगायला सोडलं.

पावसाळ्यात मात्र घात झाला. खंडूला सर्दी झाली. नाक चोंदलं, अंग कोमट लागलं. आईनं धाडकन दार लावलं आणि फटींत पुन्हा चिंध्या कोंबल्या. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. खंडू बरा झाला, पण दार काही उघडेना. आईची भीती पहिल्याहून मोठी झाली होती. "आई, चल ना गं," मंजी रोज म्हणायची. आई नुसती मान हलवायची. मंजीला वाटलं, संपलं सगळं.

सातव्या दिवशी खंडू रांगत दाराशी गेला. आपली इवलीशी मूठ त्यानं दारावर आपटली, धप्! आणि आईकडे वळून बघितलं. पुन्हा धप्!

आई जागची उठली. तिनं एक चिंधी ओढली, मग दुसरी, आणि खंडूला उचलून दार उघडलं. पाऊस थांबला होता. पागोळ्यांखाली पाण्याचं डबकं चमकत होतं. खंडूनं मूठ उघडली आणि एक निळं फुलपाखरू उडालं. मग आईनंच त्याची पावलं डबक्यात बुडवली. छपाक्! तो असा खिदळला की मंजीनंही डबक्यात उडी मारली.

दिवस गेले आणि शेवंती पुन्हा फुलली. खंडू आता लुटूलुटू चालत होता. एका सकाळी गार वारा सुटला. आईनं खंडूला कडेवर घेतलं, त्यानं मूठ उघडली, पण आत काहीच नव्हतं. त्यानं मूठ उलटीसुलटी करून बघितली. रिकामी! आईनं त्याला खाली सोडलं. खंडू वाऱ्यात पळाला, धपकन बसला, उठला आणि पुन्हा पळाला. आई जागच्या जागी उभी राहून हसत होती.

शेवंतीच्या झुडपावर परी बसली होती. "मंजी, माझं काम झालं," ती म्हणाली. "पण स्वतःसाठी तू काही मागितलंच नाहीस की गं!"

मंजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच परीच्या पंखांतून सोनेरी उजेड सांडला. पानापानावर, फुलाफुलावर तो झिलमिलला आणि उन्हात मिसळून गेला. परी दिसेनाशी झाली.

मंजी अजून तिकडेच बघत होती. मागून आई आली. तिनं पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात पुढे केले.

"मंजे, हात दे. फुगडी घालू."

आईनं फुगडी घातलेली मंजीनं कधी बघितलीच नव्हती! दोघी गरागरा फिरल्या. शेवंतीचे सगळे रंग एकत्र फिरले, आईचा अंबाडा सुटून केस वाऱ्यावर उडाले, खंडू टाळ्या पिटत राहिला. शेवटी दोघी हसत हसत गवतावर कोसळल्या. वारा आणखी वाढला होता.

"ऊठ," आई धापा टाकत म्हणाली, "आणखी एक घालू."