आंबेजळची वेस

आंबेजळ ही राजांची राजधानी. आंब्याखालच्या झऱ्याचं पाणी वाटसरूंना पाजणाऱ्या एका म्हातारीमुळे गावाला ते नाव पडलं आणि त्याबरोबर एक रीतही पडली. वेशीबाहेर उभं राहून गावाचं नाव घ्यायचं, मगच दार उघडणार आणि ओंजळीत पाणी पडणार. खुद्द राजांनाही त्यातून सुटका नव्हती.

राजे मोहिमेवर गेले आणि उत्तरेकडून आलेले दिवाण फतेसिंह कारभार पाहू लागले. वेशीवर कानडी बैलवाले ‘अंबेजळी’ म्हणत, गुजराती व्यापारी ‘आंबाजळ’, तर फिरंगी ‘अंबाझेल’. दिवाण भडकले.

"ही राजधानी आहे की धर्मशाळा? आजपासून एकच नाव, फतेनगर!"

वेस राखणारी सगुणा म्हणाली, "सरकार, लाडक्या लेकराला दहा जण दहा नावांनी हाका मारतात. एकाच नावानं पुकारा होतो, तो चावडीवर गुन्हेगाराचा."

"तोंड सांभाळ!" म्हणत दिवाण शिकारीला निघून गेले. भर दुपारी घामाघूम होऊन परतले, तर दार बंद.

"फतेनगरचं दार उघडा!"

सगुणानं वरून डोकावलं. "ते गाव पुढं असेल, सरकार. विचारत विचारत जा."

घोड्याच्या तोंडाला फेस आला, दिवाणांच्या घशाला कोरड पडली. बरोबरचे स्वार मिशीत हसू लागले. शेवटी दिवाण पुटपुटले, "आमेजल..."

खाडकन अडसर निघाला. त्यांच्या ओंजळीत पाणी ओतत सगुणा म्हणाली, "या नावानं अजून कुणी हाक मारली नव्हती, सरकार. आता तुम्हीही घरचेच झालात."