पाताळखात्याची तपासनीस

त्या राज्यात जमिनीवरचं पाणी सगळ्यांचं होतं आणि जमिनीखालचं पाणी कुणाच्याच नजरेत नव्हतं.

पूर्वी तरसांच्या चामडी कमावण्याच्या कारखान्यातलं काळं, आंबूस पाणी नदीत सोडलं जाई. मासे पोटं वर करून तरंगू लागले, बगळ्यांनी दरबारात ओरड केली, आणि यापुढे नदीत थेंबही पडता कामा नये असं फर्मान निघालं. तरसांनी ते मुकाट्याने मानलं. त्यांनी जमिनीत खोल विहिरी खणल्या आणि तेच पाणी त्यांत ओतायला सुरुवात केली. या विहिरींना सगळे गिळविहिरी म्हणत. नदी निवळली, बगळे गप्प झाले. गिळविहिरींवर देखरेख ठेवायला राज्याने एक नवं खातं काढलं आणि त्याचं नाव ठेवलं पाताळखातं.

या खात्यात भिवरा नावाची घोरपड तपासनीस होती. उभ्या भिंतीत नखं रोवून खाली उतरावं ते तिच्या कुळानेच. नोकरी मिळाली तेव्हा ती याच गुणावर मिळाली असं तिला वाटलं होतं. पण सात वर्षांत तिला विहिरीत उतरायला एकदाही कुणी सांगितलं नाही. तपासणीच्या छापील नमुन्यात रकाने तीनच होते. कुंपण आहे का, पाटी आहे का, पाटीवरचं अक्षर वाचता येतं का. भिवरा वर्षातून एकदा प्रत्येक विहिरीपाशी जाई, तीन वेळा ‘होय’ लिही आणि परत येई.

मार्गशीर्षात एका सकाळी येसू नावाची बेडकी खात्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेला पानाचा द्रोण होता. पाणी सांडू नये म्हणून ती वाटेत एकही उडी न मारता आली होती. नऊ कोस, एकेक पाऊल टाकत.

“बाई, जरा चाखून बघा,” ती भिवराला म्हणाली. “आमच्या झऱ्याचं आहे. यंदा माझ्या पिलांना पाय फुटलेच नाहीत. शेपटीवरच राहिली आणि शेपटीवरच गेली.”

भिवराने दुभंगलेल्या जिभेचं टोक द्रोणात बुडवलं. ती आंबूस चव दिवसभर तिच्या तोंडातून गेली नाही.

“जवळपास गिळविहीर आहे का?”

“टेकडीपल्याड आहे, तरसशेठची. विचारायला गेले तर म्हणाले, आमचं पाणी खडकाखाली जातं, तुमचा काय संबंध?”

दुसऱ्या दिवशी भिवरा कुणालाही न विचारता त्या विहिरीत उतरली. कुंपण उत्तम होतं. पाटी नुकतीच रंगवलेली होती. साठ हात खाली गेल्यावर मात्र दगडी बांधकाम उभं चिरलेलं दिसलं. काळं पाणी खाली खडकाकडे जातच नव्हतं. ते त्या चिरेतून आडवं, टेकडीच्या पोटात शिरत होतं, आणि त्याचा एकसारखा गुळगुळ आवाज येत होता. वर आल्यावर तिच्या पोटाची कातडी सोलवटून निघाली. त्याच संध्याकाळी तिने छापील नमुन्यावर हाताने एक चौथा रकाना आखला, ‘आत काय आहे’ असं त्यावर लिहिलं, आणि पाहिलं ते सगळं त्यात उतरवलं.

खात्याचे प्रमुख कासवसाहेब होते. त्यांनी कागद बराच वेळ समोर धरला.

“भिवराबाई, नमुना छापील आहे. त्यात रेघ मारण्याचा अधिकार आपल्याला नाही.”

“साहेब, भिंत फुटलीय. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“उतरलात कुणाच्या परवानगीने?”

“पाताळखात्याला खाली उतरायला परवानगी लागते?”

“लागते,” कासवसाहेब म्हणाले. “आणि ती देण्याची तरतूद नाही.”

ते दुष्ट नव्हते. शंभर वर्षांच्या नोकरीत त्यांनी मान बाहेर काढणाऱ्यांचं काय होतं ते पाहिलं होतं, इतकंच. भिवरा टेबलापाशी उभीच राहिली तेव्हा ते मऊ आवाजात म्हणाले, “असं करू, तुमच्या समाधानासाठी सुनावणी ठेवू. चैत्रात.”

चैत्रात झाडून सगळे बेडूक चिखलात खोल निजलेले असतात, हे राज्यात कुणाला ठाऊक नव्हतं?

सुनावणीला बेडकांच्या बाजूने एकटी येसू आली. जागं राहण्यासाठी तिने अंगाला ओलं शेवाळ गुंडाळलं होतं, तरी तिची पाठ उन्हाने तडकली होती. तरसशेठ सावलीत बसले होते.

“माझी विहीर सरळ खाली जाते,” ते म्हणाले. “पाण्याला आडवं जायला मी सांगितलेलं नाही.”

कासवसाहेबांनी येसूकडे वळून विचारलं, “झऱ्यातलं पाणी यांच्याच विहिरीतलं, हे कशावरून?”

“पाण्यावर नाव कोण लिहितं, साहेब?”

“तेच तर,” कासवसाहेब म्हणाले, आणि सुनावणी संपली.

येसू खाली मान घालून निघाली. भिवराला मात्र ते वाक्य स्वस्थ बसू देईना. पाण्यावर नाव लिहायचं. पळसाखाली अजून फुलांचा सडा होता. तिने ती फुलं टोपल्या भरभरून वेचली, मोठ्या हंड्यात उकळली, आणि गडद केशरी रंगाचे चाळीस हंडे भरदिवसा तरसशेठच्या विहिरीत ओतले. तपासनीस म्हणून पहारेकऱ्याने तिला अडवलं नाही.

मग ती आणि येसू दोघी झऱ्याकाठी बसून राहिल्या. सात वर्षांत आपण किती ‘होय’ लिहिले असतील, याचा भिवरा मनाशी अंदाज बांधत होती, आणि दर वेळी आकडा वाढत होता. तिला स्वतःचाच राग येत होता. बाराव्या दिवशी दुपारी झऱ्याच्या तोंडाशी केशरी धागा दिसला. बघता बघता सगळं पाणी रंगलं.

भिवरा आनंदाने ओरडली. येसू ओरडली नाही. तिने पाण्यात हात घातला आणि तो नुसता बघत राहिली.

“म्हणजे इतके दिवस आम्ही त्यांचंच पीत होतो,” ती म्हणाली.

भिवराने रंगीत पाण्याचं मडकं धावत नेऊन कासवसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. “आता तरी नाव वाचता येतंय ना, साहेब?”

कासवसाहेबांनी मडक्याखाली आलेला कागद तेवढा ओढून घेतला. तिसऱ्या दिवशी हुकूम निघाला. तरसशेठच्या विहिरीला परवाना फक्त काळ्या पाण्याचा असताना तपासनीस भिवरा यांनी तीत बिनपरवाना रंग ओतला, सबब त्यांना कामावरून दूर करण्यात येत आहे. विहिरीचे तिन्ही रकाने समाधानकारक असल्याने परवाना दहा वर्षांनी वाढवण्यात येत आहे. बेडकांच्या झऱ्यातून मात्र रंगीत, धोकादायक पाणी येत असल्याचं खुद्द तपासनिसांच्याच मडक्यावरून सिद्ध झालं आहे, तेव्हा तो झरा तातडीने बंद करावा.

तातडी खरोखरच झाली. आठ रानरेड्यांनी शिळा ओढत आणली आणि झऱ्याच्या तोंडावर बसवली. भिवराने खात्यात कधी पाहिली नव्हती इतकी चपळाई तिने त्या दिवशी पाहिली.

त्यानंतर आठवडाभर ती येसूबरोबर चिखल उकरत होती. झोपलेल्या एकेका बेडकाला नखाने हळूच बाहेर काढायचं आणि काय झालं ते सांगायचं. कुणी रडलं, कुणी अर्धवट झोपेत तिलाच शिव्या दिल्या.

“कुठं जाणार?” तिने येसूला विचारलं.

“डोंगरावर. तिथं अजून कुणी काही खणलेलं नाही,” येसू म्हणाली आणि म्हाताऱ्या बेडकांना पुढे घालून चालू लागली.

त्यांना वाटेला लावून भिवरा आपला पितळी बिल्ला परत करायला खात्यात गेली. अंगणात गलका चालला होता. कारकून पाय वर घेऊन ओट्यावर उभे होते. फरशीच्या दोन दगडांमधून ओल फुटली होती, आणि ती केशरी होती.

कासवसाहेब पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी त्या ओलीकडे पाहिलं, मग भिवराकडे. मग ते सावकाश चालत गेले, नेमके त्या ओलीवर बसले, चारही पाय आत घेतले, शेवटी मानही आत घेतली.

“काम चालू द्या,” कवचातून आवाज आला.

कारकून एकेक करून खाली उतरले आणि आपापल्या नमुन्यांवर वाकले. भिवरा बिल्ला हातात धरून तशीच उभी होती. कवचाच्या कडेने, चहूबाजूंनी, केशरी रेघ हळूहळू रुंद होत चालली होती.