खेमाआबाचं घमेलं

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नक्की किती वर्षं झाली, यावर तांबडदऱ्यात दोन म्हाताऱ्यांचं जमत नाही. एवढं खरं, की तेव्हा डांबर कुणी पाहिलेलं नव्हतं आणि रस्त्यांचा कारभार लोकल बोर्डाकडे होता.

त्या काळी तांबडदऱ्यात खेमा नावाचा माणूस राहत होता. मातीकामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मुरुमावर किती पाणी मारलं की तो घट्ट बसेल, हे त्याला पायाच्या अंगठ्याने कळायचं. असं म्हणतात, की त्याने बुजवलेल्या खड्ड्यावरून काठोकाठ भरलेली घागर गाडीतून नेली तरी थेंब सांडत नसे. बायको लवकर गेली होती. घरात तो आणि त्याची एकुलती एक लेक, हौसा.

तांबडदऱ्यापासून तालुक्याचं गाव चार कोस. मधला रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. खोल खाचा, वर आलेले दगड, आणि उंबराच्या ओढ्यापाशी असा खड्डा, की बैल गुडघ्यापर्यंत आत जायचा. बोर्डाकडे पैसा बेताचा. म्हणून दर वर्षी दिवाळी झाली की बोर्डाचे साहेब छकड्यात बसून एकेक रस्ता डोळ्यांनी बघत, आणि ज्याची दशा सगळ्यांत वाईट त्याचं नाव यादीत पहिलं घालत. पहिल्या नावाला खडी मिळायची, ओढ्याचं पाणी खालून जायला मोरी मिळायची. बाकीच्यांनी पुढच्या दिवाळीची वाट बघायची.

आता गावाचं शहाणपण ऐका. साहेब येणार अशी वर्दी आली, की सखोजी पाटील दवंडी पिटवायचे. घरटी एक माणूस, फावडं आणि घमेलं घेऊन. पाहुणा दारी येतो आणि अंगण झाडायचं नाही, असं कुठे असतं का, असं पाटलांचं म्हणणं, आणि ते गावालाही पटायचं. एका हाताने रस्ता फार वाईट आहे म्हणून अर्ज करायचा, आणि दुसऱ्या हाताने तोच रस्ता गुळगुळीत करून ठेवायचा. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सगळ्यांच्या पुढे खेमा. चार दिवसांत तो रस्त्याचं रूप पालटून टाकायचा. ओढ्यापाशी बायका सडा घालायच्या, उंबराला तोरण बांधायच्या. छकडा न हेलकावता गावात यायचा. साहेब पुरणपोळी खायचे, खेमाच्या पाठीवर थाप मारायचे आणि कागदावर लिहायचे, की रस्ता ठीक आहे. खडी दुसऱ्या गावाला जायची. पण मुरूम तो मुरूम. पावसाळ्यात तो वाहून जायचा आणि खाचा पुन्हा तोंड वासायच्या. असं अकरा वर्षं चाललं. त्या थापेने खेमाची छाती दर वर्षी फुगायची, हेही सांगितलंच पाहिजे.

बाराव्या वर्षी हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भाद्रपद महिना होता. दोन दिवस कळा देऊन झाल्यावर सुईण बाहेर आली आणि म्हणाली, की मूल आडवं आहे, माझ्या हातात आता काही नाही, दवाखाना गाठा. खेमाने गाडीत पेंढा घातला, त्यावर गोधडी, गोधडीवर लेक. प्रत्येक खाचेला हौसा कण्हायची. पुढची खाच कुठे येणार हे खेमाला आधीच ठाऊक असायचं, कारण प्रत्येक खाच त्याने अकरा वेळा बुजवलेली होती. उंबराच्या ओढ्यापाशी चाक खड्ड्यात गेलं आणि गाडीचा आस मोडला.

हौसाने डोळे उघडले.

"आबा," ती म्हणाली, "आज साहेब यायचे असते तर बरं झालं असतं."

पोर साधेपणाने बोलली. खेमाच्या मात्र काळजाला घरं पडली. पुढे माणसं धावली, बाज आणली, चौघांनी खांद्यावर घेतली. पण दवाखान्याची पायरी दिसायच्या आधीच हौसा गेली, आणि पोटातलं लेकरूही गेलं.

लोक म्हणाले, देवाची मर्जी. खेमाला ठाऊक होतं, की यात देवाचा काही दोष नाही. रस्त्याचं दुखणं आपणच अकरा वर्षं झाकून ठेवलं, हे त्याला कळलं होतं, आणि फार उशिरा कळलं होतं.

दिवाळी झाली. साहेबांची वर्दी आली, पाटलांनी दवंडी दिली. खेमा गेला नाही. गावाने त्याच्यावाचूनच रस्ता केला. अकरा वर्षं त्याच्या हाताखाली राबलेली माणसं ती, खड्डे त्यांनी तसेच छान बुजवले. साहेबांचा छकडा उंबराच्या ओढ्यापाशी आला तेव्हा खेमा बैलांच्या समोर जाऊन उभा राहिला. पाटील त्याला बाजूला करायला धावले. साहेबांनी त्यांना थांबवलं आणि काय म्हणणं आहे ते विचारलं.

"साहेब, रस्ता चांगला दिसतोय ना?" खेमा म्हणाला. "त्यो तुमच्यासाठी केलाय. माझ्या लेकीसाठी कुणी केला न्हाई. म्या पण न्हाई केला."

मग तो वाकला आणि बुजवलेल्या खड्ड्यावर त्याने तळहात ठेवला. असं म्हणतात, की त्याच्या हाताखालचा मुरूम आपोआप खाली बसला. मग त्याच्या शेजारचा बसला, मग त्याच्या पुढचा. बघता बघता चारही कोस रस्ता उघडा पडला, जसा हौसाच्या गाडीखाली होता तसाच. छकड्याचं चाक मधल्या तुंब्यापर्यंत रुतलं. साहेब उतरले आणि चिखलातून पायी गावात आले. त्या दिवशी पुरणपोळीला कुणी हात लावला नाही. साहेबांनी कागद काढला आणि यादीत तांबडदऱ्याचं नाव पहिलं लिहिलं. सखोजी पाटील चावडीच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत रडले.

पुढच्या वर्षी खडी आली. ओढ्यावर मोरी झाली. तिची खडी खेमाने एकट्याने फोडली, पण रस्ता झाल्यावर त्याने त्यावर कधी पाऊल ठेवलं नाही. तालुक्याला जायचं तर तो कडेच्या बांधावरून, काट्याकुट्यांतून जायचा. लोक म्हणायचे, आबा, रस्त्यावरून चला की. तो म्हणायचा, "हौसा पोचली न्हाई, मी पोचून काय करू?"

असाच एके दिवशी तो बांधावरून गेला तो परत आला नाही. असं म्हणतात, की शोधायला गेलेल्यांना ओढ्याच्या काठी त्याचं घमेलं तेवढं सापडलं, ताज्या मुरुमाने भरलेलं.

आता तांबडदऱ्याला डांबरी सडक आहे. आराखडे होतात, निधी येतो, कधी येत नाही. पाहणीला जिल्ह्याहून माणसं येणार असली, की गावातली फावडी घराबाहेर निघत नाहीत. रस्त्यावरचा खडासुद्धा कुणी हलवत नाही. एखाद्या नव्या सरपंचाला लाज वाटलीच, तर म्हाताऱ्या बायका त्याला गप्प बसवतात.

पण गावात माहेरवाशीण बाळंतपणाला आली, की दवंडी लागत नाही. घरटी एक माणूस घमेलं घेऊन निघतो, आणि तिच्या दारापासून सडकेपर्यंतच्या वाटेवरचे सगळे खड्डे दिवस मावळायच्या आत बुजवले जातात. पहिलं घमेलं तिच्या बापाने टाकायचं असतं, आणि टाकताना हौसाचं नाव मोठ्याने घ्यायचं असतं.