तिसऱ्या चोरीचा कायदा

फार जुनी गोष्ट आहे, डोंगरांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती तेव्हाची. त्या डोंगरांतल्या एका राज्यात एक कायदा होता. पहिल्या चोरीला फटके, दुसरीला वर्षभर सक्तीचे काम. तिसरी चोरी सुईची का असेना, चोराला दरीपलीकडच्या माळावर जन्मभरासाठी सोडायचे. खुन्यालाही हीच शिक्षा होती. कित्येक वर्षांत तिकडे कुणाला सोडायची वेळ आली नव्हती.

एका विधवा म्हातारीचा एकुलता एक लेक होता, गोंदा. लहानपणी त्याने अंडी चोरली, पुढे एका थंडीत घोंगडी चोरली. आता शेजारणीच्या शेतातली मक्याची कणसे चोरताना तो सापडला.

म्हातारी दरबारात आली. ती राजापुढे हात जोडून उभी राहिली. शेवटी शेजारीणच पुढे झाली.

"महाराज, कणसं माझी गेली. चार फटके मारा त्याला, वर माझं शेत नांगरून घ्या. पण कणसापायी अख्खा पोरगा?"

प्रधान म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, बाई. कायदा सैल केला तर उद्या घरोघरी चोर होतील."

"तुमच्या लेकानं माझे आवळे दरसाल झोडले, प्रधानजी. तेव्हा मोजायला बोटं नव्हती का?"

दरबार हसला. म्हातारी तेवढी हसली नाही. ती राजाच्या तोंडाकडे बघत होती.

राजाला तिची दया आली, पण प्रधानांचीही भीती खरी वाटली. तो म्हणाला, "कायदा बदलायचा का, ते सवडीने ठरवू. तोवर आहे तो चालू दे."

गोंदा माळावर गेला. म्हातारी रोज सवयीने दोघांपुरते पीठ मळायची आणि मग परातीकडे बघत बसायची. दारावरून जाणारे लोक झपझप पावले उचलत. बोलायचे तरी काय तिच्याशी?

पावसाळे आले नि गेले. एकदा दोन चोऱ्या केलेला एक माणूस धान्याच्या कोठारात शिरला. राखणदाराने त्याला धरले. त्याने राखणदाराला जिवे मारले.

राजाने विचारले, "अरे, पायलीभर धान्यासाठी माणूस मारलास?"

"धान्य चोरलं तरी माळ, माणूस मारला तरी माळ," तो म्हणाला. "मेलेला निदान साक्ष तरी देत नाही."

राजाने मान खाली घातली. त्याच दिवशी कायदा बदलला: जेवढा गुन्हा, तेवढी शिक्षा.

गोंदाची शिक्षा संपली. त्याला आणायला म्हातारी स्वतः माळावर गेली. माणसाची चाहूल लागताच गोंदा खडकाआड पळाला.

"भिऊ नको रे बाळा, मी आहे."

तो येईना. तिने तीन दगड मांडले, चूल पेटवली, भाकरी भाजली आणि वाट बघत बसली. उन्हे उतरली तेव्हा तो आला, लांब बसून जेवला आणि तिच्या मागोमाग घरी आला.

त्यानंतर त्याने कधी चोरी केली नाही. पण तो कधी बोललाही नाही. म्हातारीच एकटी बोलत राही, दोघांच्या वाटचे.

तात्पर्य: शिक्षा गुन्ह्याच्या मापाने द्यावी, नुसत्या चुका मोजून दिली तर चुकलेला माणूस हरवतो आणि गावही राखले जात नाही.