सोबत्याचं नाव

“मग तो पळून आला असेल का, बाबा?”

दाऊदबाबांनी मान वर केली नाही. दर्ग्याच्या ओसरीवर बसून ते सुपातले तांदूळ निवडत होते. समोर विश्राम कुबल उभा होता. बंदरावर त्याचा बर्फाचा कारखाना. पन्नास होड्यांचे तांडेल त्याला ओळखून होते आणि त्याच्याशी बोलताना कुणी आवाज चढवत नसे. आज त्याचाच आवाज खाली आला होता.

“बस,” बाबा म्हणाले.

विश्राम बसला, आणि पंधरा दिवस पोटात साठलेलं सगळं त्याने सांगून टाकलं.

त्याचा मुलगा सिद्धेश नौदलाच्या कमांडो पथकात होता. चार वर्षं विश्रामने बंदरावर दुसरा विषय काढला नव्हता. आमचा सिद्धेश पाण्याखाली इतका वेळ राहतो, आमचा सिद्धेश चालत्या जहाजावर दोराने चढतो. लोक ऐकत, कारण बर्फ त्याच्याकडूनच घ्यायचा असे. आणि आता सिद्धेश अचानक घरी आला होता, दीड महिन्याच्या रजेवर. दोन्ही हातांना पट्ट्या. चमच्याने कसंबसं जेवतो, झोपतो, किनाऱ्यावर एकटाच चालून येतो. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतो, “काही नाही, अप्पा. काम होतं.”

विश्रामने ग्रामपंचायतीत सत्कार ठरवला. सिद्धेश नको म्हणाला. कारण विचारलं, तर सांगितलं नाही. बंदरावर कुजबुज सुरू झाली... रजा एवढी मोठी कशी? पोराला काढून तर टाकलं नाही?

“काल जेवताना मी त्याला म्हटलं, लपवण्यासारखं काही केलं असशील तर आत्ताच सांग.”

“मग?”

“ताटावरून उठून गेला.”

बाबांनी सूप त्याच्यापुढे सरकवलं. “निवड.”

विश्रामला ते आवडलं नाही. पण बाबांना नाही म्हणायची रीत नव्हती. तो खडे वेचू लागला. समोर खाडीच्या मुखाशी भरती चढत होती.

“तू आल्यापासून कुणाबद्दल बोललास?” बाबांनी विचारलं.

“सिद्धेशबद्दल. आणखी कुणाबद्दल बोलणार?”

“आणि तो आल्यापासून कुणाबद्दल बोलला?”

“तो बोलतच नाही. तेच तर सांगतोय.”

“आठव.”

विश्रामने आठवून सांगितलं. पहिल्या दिवशी पोराने पिशवी ठेवली, पाणीही न पिता आईकडून कुणाला तरी फोन लावून घेतला. बोटांना पट्ट्या होत्या म्हणून. थोइबा की असंच काहीसं नाव होतं. मग रोज सकाळी तोच फोन. आई नंबर लावून द्यायची आणि हा फक्त विचारायचा, आज ताप किती आहे?

“कुणी सोबती असेल,” विश्राम म्हणाला.

“कसा आहे?”

“मला काय ठाऊक, बाबा. मी माझ्या पोराचं विचारायला आलोय.”

“तुझ्या पोराबद्दल कळायला हवं ना? मग पोराबद्दल विचारू नकोस.”

एवढं बोलून बाबांनी सूप ओढून घेतलं. विश्राम चपला घालून निघाला. वाटेत त्याला रागच येत होता. सरळ बोलायला काय होतं या माणसाला?

घरी आला तेव्हा सिद्धेश मागच्या पडवीत बसला होता. आई आत बांगडे तळत होती. बाप शेजारी येऊन बसलेला पाहून पोराचे खांदे ताठ झाले. पुन्हा तेच सुरू होणार, असं त्याला वाटलं असावं.

“थोइबा कसा आहे?” विश्रामने विचारलं.

सिद्धेशने वळून पाहिलं.

“ताप उतरला,” तो म्हणाला. “कालपासून भात खायला लागलाय.”

आणि मग तो बोलत राहिला. बाराव्या वर्षानंतर पोरगा आपल्याशी इतका बोललेला विश्रामला आठवत नव्हता.

थोइबा मणिपूरचा. विसाव्या वर्षापर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता. अंगाने एवढासा. प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात सगळे म्हणायचे, हा उद्या जाईल, परवा जाईल. तो गेला नाही. रात्रंदिवस पाण्यात काढून माणसं खचली की हा आपल्या वाटणीची बिस्किटं दुसऱ्याच्या खिशात टाकून द्यायचा आणि विचारलं तर कानावर हात.

मग जहाजाची गोष्ट आली. कुठल्या समुद्रात, ते सिद्धेशने सांगितलं नाही. चाच्यांनी पकडलेलं मालवाहू जहाज होतं. पथक दोराने वर चढलं तेव्हा चाचे पळायच्या बेतात होते, पण जाता जाता त्यांनी तळात पाणी सोडलं होतं. इंजिनाच्या खोलीत अकरा खलाशी लपून बसले होते. शिडी मोडलेली. वर यायला एकच अरुंद तोंड, अंगावरच्या सामानासकट त्यातून फक्त थोइबा मावत होता.

“तो खाली उतरला, अप्पा. एकेकाला खांद्यावर घेऊन वर ढकलायचा. पाणी कमरेला, मग छातीला. आम्ही वरून सांगत होतो, दम घे. तो नुसता आकडा सांगायचा. पाच. सहा. शेवटी त्यांचा आचारी राहिला. उंचापुरा माणूस, घाबरून त्याने थोइबाची मानच धरली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी हा त्याच्याशी बोलत राहिला. हळू, लहान मुलाशी बोलतात तसं. तोवर पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. आचारी वर आला आणि मग हा. छातीत तेलकट पाणी गेलं म्हणून दवाखान्यात आहे.”

आत तळणाचा आवाज थांबला होता. आई दारात येऊन उभी होती.

“त्या तोंडाला झाकण नव्हतं?” विश्रामने विचारलं. आयुष्य बंदरावर गेलेलं, होड्यांची रचना त्याला कळत होती.

“होतं. लोखंडी. त्याचा टेकू तुटलेला. जहाज हललं की खाली यायचं. ते कुणीतरी धरून ठेवावं लागत होतं.”

“किती वेळ?”

“चाळीस मिनिटं असतील.”

“कुणी धरलं?”

सिद्धेशने आपल्या हातांकडे पाहिलं. पट्ट्या आहेत हे आत्ताच लक्षात आल्यासारखं.

“तिथे मीच जवळ होतो,” तो म्हणाला, आणि पुन्हा थोइबाबद्दल सांगू लागला.

विश्रामला पुढचं फारसं ऐकू आलं नाही. पंधरा दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं, आणि श्वास इतका मोकळा आला की त्याला धाप लागल्यासारखं झालं. पोरगा पळाला नव्हता. पोरगा जागचा हललासुद्धा नव्हता.

ताटं मांडली. विश्रामने स्वतःचं ताट बाजूला सारलं, पोराचं जवळ ओढलं आणि बांगड्याचे काटे काढून एकेक तुकडा भातावर ठेवू लागला. सिद्धेश चमच्याने जेवत राहिला... आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्राम पेढ्यांचा पुडा घेऊन दर्ग्यावर आला. बाबा ओसरी झाडत होते. त्याने सगळं सांगितलं, झाकणासकट. सत्कार रद्द केल्याचंही सांगितलं. येताना बंदरावर दोघांनी हटकलं, पोरगा काय म्हणतो? तो फक्त म्हणाला होता, बरा आहे.

“कसली माणसं आहेत ती, बाबा,” विश्राम म्हणाला. “मी बर्फाच्या चार लाद्या जास्त दिल्या तरी वर्षभर ऐकवतो. आणि हे... स्वतःचं एक अक्षर नाही. विचारलं तरी नाही. सगळं सोबत्याचं.”

बाबांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

“मी चुकीचं विचारत होतो. आता मन शांत झालं. आता मला काही नको.”

बाबांनी पुड्यातला एक पेढा घेतला. अर्धा तोंडात टाकला, अर्धा त्याच्या हातावर ठेवला. मग ते म्हणाले,

“आणि थोइबाच्या आईला हे कोण सांगणार?”