केशरीच्या तोंडातली वाळू

काचेच्या पेटीतला समुद्र नवा नवा होता, तेव्हाची गोष्ट. केशरी नावाची मासोळी दगडाला चिकटलेली आपली अंडी जपत होती. एक दिवस शेजारीच नवं पोवळं आलं आणि त्याच्या बिळातून एक केसाळ किडा डोकावला.

"अहो, उठा! न बोलावता आलाय. माझी अंडी खाणार मेला!"

"काय खातो ते विचारलंस का?" नवरा म्हणाला.

"चोराला कुणी विचारतं होय?" केशरीने तोंडात वाळू भरभरून आणली आणि बीळ बुजवून टाकलं.

पण वरून पडणारं उष्टं आता अंड्यांपाशी साचून कुजू लागलं. कडेची अंडी पांढरी पडली. बिळातून बारीक आवाज आला, "ताई, मी उष्टंच खातो हो. एवढी वाळू काढा."

केशरीने रडत रडत वाळू उपसली. किड्याने दगड लख्ख केला, तेव्हा उरलेली अंडी वाचली.

पुढे पेटीत आणखी एक पोवळं आलं, त्यावरून गोगलगाय आली.

"आता मी शहाणी झालेय. आधी विचारणार," असं नवऱ्याला सांगून केशरी गेली. पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सवयीने तिने वाटेतच वाळू भरून घेतली होती! तिचं तिलाच हसू आलं, वाळू सांडली, मग कुठे बोलता आलं.

"या मावशी. तुम्ही काय खाता?"