कोल्ह्याचे दुसरे गिऱ्हाईक

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे असलेले साळिंदर. राहत असे असे आपण म्हणतो खरे, मुलांनो, पण तिला राहायला स्वतःची जागाच नव्हती. आईच्या बिळात भावंडांची इतकी दाटी होती की कुणी कूस बदलली तरी दुसऱ्याच्या अंगात काटे घुसायचे. गेल्या साली म्हणून तिने करवंदीच्या जाळीत संसार मांडला, तर तिथे रानकुत्री आली. साळू काट्यांची पाठ त्यांच्यापुढे करून उभी राहिली, पाठीवर खोल जखम झेलली, तरी एक पिल्लू गेलेच. त्या जखमेवर आई अजूनही रानहळद उगाळून लावत असे, आणि यंदा साळूच्या पोटात पुन्हा पिल्ले होती. थंडीच्या आत तिला घर हवे होते, आणि तेही दोन तोंडांचे. एका तोंडाशी शत्रू आला तर दुसऱ्या तोंडाने पिल्ले घेऊन निघता येते. उघड्यावर राहून एक पिल्लू गमावलेल्या आईला हे कुणी शिकवावे लागत नाही.

तसे बीळ त्या उतारावर एकच होते. ते एका लठ्ठ घुशीचे होते आणि विकण्याचे काम तिने कोल्ह्याकडे सोपवले होते. कोल्हा त्या रानातला दलाल. किंमत करांद्यांच्या वाट्यांत ठरायची. बाजारात भाजीचे वाटे घालतात ना, तसे कंदांचे ढीग. जितके वाटे जास्त, तितकी कोल्ह्याची दलाली जास्त. त्याला करांदे फारसे आवडत नसत, पण फुकटचे मिळाले की त्याला सगळेच गोड लागे.

आईने साळूला निघताना बजावले होते, "आवडलं तरी नाक मुरड गं. घर बघताना तोंडावर आनंद दिसू द्यायचा नसतो." पण पहिल्यांदाच घर घेणारीला हे कुठले जमायला! बिळात पाऊल टाकले मात्र, साळू हरखून म्हणाली, "अगं बाई, हेच माझं घर! इथे पिल्लं निजतील, आणि इथून पळतील." आनंदाच्या भरात ती त्या अरुंद वाटेत गर्रकन वळली आणि तिची पाठ भिंतीला घासली. कोल्ह्याने मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसून घेतले.

"मागच्या तोंडाशी मुळं माजलीत, आणि ओल पण आहे," साळूला उशिराने आईचा सल्ला आठवला.

"ओल कुठली, ताई? थंडावा म्हणा थंडावा! उन्हाळ्यात कळेल तुम्हाला," कोल्हा म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हे घर दाखवलंसुद्धा नसतं. तुम्ही घरच्या म्हणून."

साळूने बारा वाटे देऊ केले. तेवढे करांदे तिने पोट मारून साठवले होते. घूस म्हणाली, "बघू. विचार करून सांगते." साळूला सौदा तिथल्या तिथे पक्का करायचा होता, पण कोल्ह्याने घाई करू दिली नाही. त्या रानात विसाराची रीत होती. घर पसंत पडले की घेणाऱ्याने अंगावरची एखादी खूण द्यायची, पीस म्हणा, केस म्हणा, काटा म्हणा. मालकाने ती उचलून आत ठेवली की त्या दिवशी बोललेल्या भावाला सौदा पक्का. मग प्रत्यक्ष वाघ आला तरी तो मोडत नसे.

"विसाराचं काय, ठेवू की सावकाश," कोल्हा म्हणाला आणि साळूची पाठ वळताच रानभर तिची टिंगल करत हिंडला. "ऐकलंत का? दोन तोंडांचं बीळ बारा वाट्यांना मागते! बारा!" बुलबुल हसले, माकडे हसली. ज्यांना घरेच लागत नाहीत, तीसुद्धा हसली. मला विचाराल तर गरजवंताच्या ऐपतीला हसण्याइतके हलके काम दुसरे नाही.

साळू पुन्हा गेली तेव्हा कोल्हा पडेल चेहऱ्याने म्हणाला, "ताई, घोटाळा झाला. दुसरं गिऱ्हाईक आलंय. पंधरा म्हणतंय."

साळू रानात परतली आणि कंद उकरू लागली. पोटुशी बाई, पाठीला जखम, आणि दगडी जमीन! तीन वाटे जास्तीचे जमवून ती धापा टाकत आली, तर कोल्हा म्हणाला, "ते गिऱ्हाईक अठरावर गेलं की हो! मी तुमच्याच बाजूने भांडतोय, पण मी पडलो मधला."

मधला! घुशीकडून दलाली, साळूकडूनही काही मिळण्याची आशा, आणि म्हणे मधला! साळूने अठराही कबूल केले. उकरता उकरता पाठीची जखम पुन्हा वाहू लागली. आणि कोल्हा तिसऱ्यांदा म्हणाला, "पंचवीस."

आता मात्र साळूचे काटे उभे राहिले. "आहे तरी कोण हे दुसरं गिऱ्हाईक? कधी दिसत नाही, कधी भेटत नाही. आहे की नाही, ते तरी दाखवा!"

कोल्हा क्षणभर गडबडला. मग तो बिळात शिरला, आत घुशीशी काहीतरी कुजबुजला आणि तोंडात एक लांब काटा धरून बाहेर आला. "हा पाहा त्याचा विसार. ओढ्यापलीकडचं साळिंदर आहे. मोठं खानदान. हात लावू नका, दुसऱ्याची वस्तू आहे. खरं तर असा सौदा मोडायची रीत नाही, पण तुमची अवस्था बघवत नाही म्हणून पंचवीसला मोडून देतो."

आपल्याच जातीचे कुणीतरी आपल्या पिल्लांच्या तोंडचे घर नेते आहे, हे पाहून साळूला रडू कोसळले. ती तशीच आईकडे आली. आई हळद लावायला बसली आणि मध्येच थबकली.

"जखमेच्या कडेचा एक काटा दिसत नाही तुझा. कुठे पाडलास?"

साळूने मान वळवून पाहिले. आईचा पंजा हळदीने पिवळा झाला होता. जखमेभोवतीचे काटेही बुडाशी पिवळे होते. कोल्ह्याच्या तोंडातला तो काटाही बुडाशी पिवळाच नव्हता का?

"आई गं," साळू हळूच म्हणाली, "ते दुसरं गिऱ्हाईक मीच आहे."

पहिल्या दिवशी बिळात वळताना तिचाच काटा गळून पडला होता. बारावरून पंधरा, पंधरावरून अठरा, ती आजवर स्वतःशीच चढाओढ करत होती! साळूला इतका संताप आला की तिचे सारे काटे खडखड वाजू लागले. "आत्ता जाते आणि त्याचं थोबाड फोडते!"

"थोबाड फुटेल, पण घर मिळेल का?" आई म्हणाली. "तो काटा काय म्हणून दाखवला त्याने?"

"विसार म्हणून."

"मग तो विसारच राहू दे," आई म्हणाली.

साळू रानाच्या पंचाकडे, म्हाताऱ्या कासवाकडे गेली. कासव सावकाश चालत घुशीच्या दारी आले, आणि मागोमाग साळूला हसलेले सगळे रानही आले. कोल्ह्याला वाटले, आता साळू चारचौघांत पंचवीस कबूल करणार. तो खुशीत म्हणाला, "पंचांसमोर झालेलं बरंच की!"

"आधी त्या दुसऱ्या गिऱ्हाईकाचं काय ते ठरू दे," साळू म्हणाली. "त्याने खरोखर विसार दिला असेल, तर मी मुकाट्याने परत जाते."

"दिला म्हणजे काय!" कोल्ह्याने काटा सर्वांपुढे ठेवला. "तुम्ही आलात त्याच दिवशी दिला."

कासवाने घुशीला विचारले, "तू स्वतः उचलून आत ठेवलास?"

"ठेवला की. पंचांची आण," घूस म्हणाली. तिला पंचवीस वाटे समोर दिसत होते.

"तर मग सौदा पक्का," कासव म्हणाले. "काटा ज्याचा, घर त्याचं. आता पंचवीस नाही आणि पन्नासही नाही."

साळूने सगळ्या रानाकडे पाठ केली. ती ओली जखम, त्या भोवतीचे पिवळे काटे आणि मधली मोकळी जागा सर्वांनी पाहिली. कासवाने जमिनीवरचा काटा उचलून तिथे धरला. बुडाची पिवळी रेघ शेजारच्या काट्यांच्या रेघेला अचूक मिळाली.

"ही हळद माझ्या आईच्या हातची आहे," साळू म्हणाली. "पिल्लू वाचवताना मला ही जखम झाली. त्या जखमेवरचा काटा दाखवून तुम्ही मलाच भीती घातलीत! तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?"

कुणी हसले नाही. घूस चाचरत म्हणाली, "पण... पण भाव? त्या दिवशी भाव काय बोलला गेला, याला साक्षीदार कोण?"

"आम्ही!" झाडावरून बुलबुल ओरडले. "बारा! कोल्होबांनीच तर रानभर सांगितलं!" माकडांनीही तोच आकडा सांगितला. टिंगल करताना कोल्ह्याने तो इतक्या जणांना ऐकवला होता की नाही म्हणायला त्याला तोंडच उरले नाही.

घूस आपले बारा वाटे घेऊन, कोल्ह्याला शिव्या घालत निघून गेली. कोल्हा मात्र दाराशी घुटमळत राहिला. इतके सारे होऊनही, मुलांनो, त्याने विचारलेच, "ताई, ते... माझ्या दलालीचं काय?"

साळू दारात आडवी बसली होती. तिने आपला काटा उंबऱ्याशी मातीत रोवला आणि म्हणाली, "ती तुमच्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडून घ्या."

थंडी पडायच्या आत त्या बिळात पिल्ले झाली. मागच्या तोंडाशी माजलेली मुळे साळूने स्वतः कुरतडून काढली. ओल मात्र खरीच होती. पुढे उन्हाळ्यापर्यंत ती गेली नाही.

तात्पर्य : दुसरे गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपला भाव वाढवू नये, कारण गरजवंताच्या घाईवर जगणारा गरजवंतालाच त्याच्या स्वतःविरुद्ध बोली लावायला लावतो.